खाडी, सडा आणि सायकलचे दाते

कोकणचा किनारा नकाशावर सरळ दिसतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधून जाणारा रस्ता. पण मुरूड-जंजिऱ्यापासून गुहागरपर्यंत सायकलने जायचे म्हटले तर सपाट रस्ता फार थोडा भेटतो. दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. खाडीच्या काठी गाव, गावामागे जांभ्या दगडाचा उघडा सडा, सडा ओलांडला की उतार आणि खाली पुन्हा खाडी. एसटीत बसलेल्या माणसाला हे चढ ड्रायव्हरने गिअर टाकल्याच्या आवाजावरून कळतात. सायकलवाल्याला ते मांड्यांतून कळतात.

गेल्या थंडीत आम्ही घरचे पाचजण या रस्त्याने गेलो. आम्ही दोघे नवरा-बायको, १६ वर्षांची मुलगी, तिचा मामू आणि आमचे चाचा. सामान सायकलींवरच बांधलेले. हँडलला अंथरूण, सीटमागे कपडे, फ्रेमच्या पोटात पाणी आणि हत्यारे. याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. जमेल तिथे हमरस्ता सोडून मुरुमाचे, लाल मातीचे रस्ते धरायचे, हाही त्याचा एक भाग. वाटेतली गावे आपल्या वाचकांपैकी अनेकांची गावे आहेत. त्यामुळे त्यांची ओळख करून देण्यापेक्षा, तिथे सायकलने जायचे असेल तर ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे ती सांगावी, असे आम्हाला वाटते. ती गोष्ट म्हणजे सायकलचे गिअर.

हा प्रश्न आमच्यापुढे चाचांमुळे उभा राहिला. त्यांचे वय ५८. विसाव्या वर्षी ते आखातात गेले आणि ३० वर्षांनी परत आले. त्यांचे आजोळ दापोली तालुक्यात, केळशी आणि हर्णैच्या दरम्यान. लहानपणी ते तिथे चालत, बैलगाडीत, होडीत असे सगळ्या प्रकारे गेले होते. परतल्यापासून मात्र दरवेळी मोटारीनेच. आमचा बेत कानावर पडताच ते म्हणाले, "मीही येणार." आम्ही म्हटले, "चाचा, तुम्ही गाडीने या, आम्ही तिथे भेटू." त्यावर त्यांचे उत्तर असे: "गाडीत घालून तर एक दिवस तुम्हीच मला न्याल. त्याआधी एकदा पायडल मारत जाऊ द्या."

त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे. डॉक्टरांना विचारले. त्यांनी सायकलला हरकत घेतली नाही, मात्र एक अट घातली: पाय फिरवा, पण जोर लावू नका. चढावर जोर न लावता पाय फिरवायचा म्हणजे काय, याचा हिशेब आम्हाला घरी बसून करावा लागला. तो इथे मांडतो. तो कोणालाही करता येईल.

सायकलला पुढे पायडलजवळ दातेरी चकती असते आणि मागे चाकाला दातेरी चक्र्यांचा संच. पुढे दाते जास्त आणि मागे कमी, तर पायडलच्या एका फेरीत सायकल लांब जाते, पण पायाला जड लागते. पुढे कमी आणि मागे जास्त, तर सायकल थोडीच सरकते, पण पाय हलका फिरतो. नेमके किती सरकते हे काढायला चाकाचा घेर लागतो. टायरवर आणि फरशीवर खडूची एकेक खूण करा, चाक एक फेरी पुढे ढकला आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. त्या घेराला पुढच्या दात्यांनी गुणा आणि मागच्या दात्यांनी भागा. पायडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर जाते ते मिळाले. दुकानात गिअर "२१" आहेत की "११", यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा, आणि त्यातही सर्वांत हलक्या गिअरचा.

चाचांची सायकल जुनी, २६ इंची चाकांची. पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या, मागे १४ पासून २८ पर्यंत सात चक्र्या. अशा सायकली आपल्याकडे हजारो घरांत धूळ खात उभ्या आहेत. टायरचा घेर भरला २.०६ मीटर. सर्वांत हलका गिअर २४ पुढे, २८ मागे. हिशेब आला १.७७ मीटर.

आता चढ. खाडीतून सड्यावर चढताना दर १०० मीटरला १० मीटर उंची, म्हणजे १० टक्क्यांचा चढ, आपल्याकडे काही नवलाचा नाही. काही वळणांवर तो याहून उभा असतो. अशा चढावर चाचांचे पायडल एकदा फिरले की सायकल १.७७ मीटर पुढे आणि जवळपास १८ सेंटीमीटर वर जाते. आपल्या जिन्याची एक पायरी साधारण तेवढीच असते. म्हणजे चाचा, सायकल आणि सामान मिळून ९५ किलोचे वजन दर फेरीला एक पायरी वर उचलायचे.

तेच मागची मोठी चक्री ३४ दात्यांची केली तर? २४ पुढे, ३४ मागे. हिशेब येतो १.४५ मीटर. फेरीला १८ ऐवजी साडेचौदा सेंटीमीटर. पायावरचा जोर जवळजवळ एक पंचमांशाने कमी. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली अट आम्हाला अशी दात्यांत मोजता आली.

याची दुसरी बाजू वेगाची आहे. पाय फार सावकाश फिरू लागले की प्रत्येक फेरी झटक्याने मारावी लागते, आणि गुडघ्याला ते सोसत नाही. म्हणून चढावरही मिनिटाला निदान ५० फेऱ्या पडाव्यात असे आम्ही ठरवले. ५० फेऱ्या आणि १.७७ मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ९ मीटर उंची: इमारतीचे तीन मजले. आणि ३४ दात्यांच्या चक्रीवर मिनिटाला सव्वासात मीटर: सव्वादोन मजल्यांहून थोडे जास्त. रस्त्यावरच्या शर्यती सायकलींना सर्वांत हलका गिअर बहुधा ३४ पुढे आणि ३२ मागे असा असतो. त्यांच्या चाकाचा घेर धरून हिशेब केला तर त्याच फेऱ्यांत मिनिटाला जवळपास चार मजले येतात. सामान घेऊन मिनिटाला चार मजले चढणारा तरुण असेलही. पण २० मिनिटे चढेल का? खाडीपासून सड्यापर्यंत १५० मीटर उंची असेल तर ते ५० मजले होतात. आणि दिवसभरात अशा इमारती तीन-चार.

मेहुण्याने एक रास्त शंका काढली. "इतका हलका गिअर म्हणजे ताशी चार-साडेचार किलोमीटर. मग सायकल ढकलत चालतच का जाऊ नये?" आम्ही करून पाहिले. सामानासह २३ किलोची सायकल मुरुमाच्या चढावर ढकलताना बूट घसरतो, कंबर वाकते आणि प्रत्येक पावलाला अंगाचे सगळे वजन त्याच दुखऱ्या गुडघ्यावर येते. सायकलवर ते वजन सीट उचलते आणि पायाला फक्त फिरायचे असते. शिवाय चढ संपल्यावर चालणारा चालतच असतो, सायकलवाला पुढचा उतार फुकट उतरतो.

तरी हलकेपणालाही मर्यादा आहे. ताशी चार किलोमीटरच्या खाली सायकल डगमगू लागते, पुढचे चाक सरळ राहत नाही. सगळे सामान मागे असेल तर उभ्या चढावर पुढचे चाक उचलतेही. म्हणून फेरीला १.३ मीटरपेक्षा हलका गिअर आम्ही शोधलाच नाही आणि थोडे वजन मुद्दाम हँडलला बांधले.

चाचांच्या आणि आमच्या दोघांच्या सायकली एकाच प्रकारच्या होत्या. तिन्हींना मिस्त्रीने १४ ते ३४ दात्यांची सात चक्र्यांची फ्रीव्हील बसवली. मोठी चक्री आली की जुनी चेन आखूड पडते. ती लांब घ्यावी लागली. चेन ओढून धरणारा मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंत चालणारा आहे का, हे आधी पाहावे लागते. आमच्या सायकलींचा चालला. या फ्रीव्हीलची एक खोड आहे. चक्र्या १४, १६, १८, २०, २२, २४ अशा दोन-दोन दात्यांनी वाढतात आणि मग एकदम ३४. शेवटची उडी मोठी असल्याने चढ अंगावर येण्याआधीच गिअर टाकावा लागतो. पायांत जोर भरल्यावर टाकला तर चेन करकरते. आणि वरच्या टोकाला काहीच गमवावे लागत नाही. ४२ पुढे आणि १४ मागे हा सर्वांत जड गिअर होता तसाच राहिला. सपाटीवर त्यावर ताशी २५ किलोमीटर सहज जाता येते. सामान घेऊन याहून जास्त वेग कोणाला हवा असतो?

मुलीची सायकल नवी, पुढे एकच चकती ३२ दात्यांची, मागे ११ ते ४६ दात्यांच्या अकरा चक्र्या. सर्वांत हलका गिअर फेरीला दीड मीटर. पुढचा गिअर बदलायची भानगडच नाही, एकच खटका. नवशिक्याला हे सोपे जाते आणि लाल धुळीत बिघडायला एक वस्तू कमी. मेहुण्याची सायकल कच्च्या रस्त्यांसाठीच बनवलेली, वळत्या हँडलची. पुढे ४६ आणि ३०, मागे ११ ते ३४. त्याचा हलका गिअर फेरीला १.९४ मीटर, म्हणजे चाचांपेक्षा एक तृतीयांश जड. तो २८ वर्षांचा आहे, त्याला तो चालतो. दोन चकत्यांमुळे त्याच्या गिअरमधल्या पायऱ्या जवळजवळ आहेत. सपाटीवर त्याचे पाय एका लयीत राहतात. कोणती रचना चांगली, यावर सायकलवाले रात्र रात्र वाद घालतात. आमचे मत एवढेच की आधी हलक्या गिअरचा आकडा जमला पाहिजे. तो जमला की एक चकती, दोन की तीन हा आवडीचा आणि खिशाचा प्रश्न.

निघण्याआधी दोन रविवार सगळे सामान बांधून ठाण्याचा येऊरचा चढ चढून आलो. रिकाम्या सायकलवर चढ चढून पाहणे म्हणजे रिकाम्या हंड्याने पाणी भरण्याचा सराव करण्यासारखे आहे. दुसऱ्या रविवारी चाचांच्या सायकलवरची पाच किलोंची पिशवी मेहुण्याकडे गेली. वजन काढणे हाही गिअर हलका करण्याचाच एक मार्ग.

मुरूडहून आगरदांड्याला आलो. तिथून दिघीला फेरीबोट जाते, कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. मोटारी, ट्रक, मोटारसायकली आणि त्यांच्यामध्ये आमच्या पाच सायकली. राजपुरीच्या खाडीतून मागे सिद्दींचा जंजिरा दिसत राहतो. दिघी सोडल्यावर पहिला खरा चढ आला. आम्ही ठरवल्याप्रमाणे सर्वांत पुढे चाचांना ठेवले. बाकीच्यांनी त्यांच्या मागे राहायचे, कोणी ओलांडायचे नाही. हळू माणूस मागे राहिला की तो इतरांना गाठायला जोर लावतो आणि सगळा हिशेब वाया जातो. चाचा २४-३४ वर टाकून सीटवर बसून राहिले. दिवेआगरनंतर भरडखोल, शेखाडी, आरावीकडून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की लाटांचे तुषार अंगावर यावेत. तिथेही रस्ता सतत वर-खाली होतो. छोटे छोटे चढ, त्यांना हमखास फसावे असे. जोरात मारून पार करता येईल असे वाटते आणि विसाव्या चढाला पाय संपलेले असतात.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट. सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. समोरच बाणकोटचा किल्ला. या बाजूला एके ठिकाणी रस्त्याचे काम चालू होते. डांबर उखडलेले, वर सैल खडी आणि मुरूम, आणि चढ भरपूर. मेहुणा सवयीने पायडलवर उभा राहिला. उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन कमी होते. चाक जागच्या जागी गरगर फिरले आणि त्याला पाय टेकावा लागला. त्याच्या पुढे चाचा बसूनच पाय फिरवत होते. हलक्या गिअरमध्ये चाकाला झटका बसत नाही, ते खडीला धरून राहते. मुलगी ओरडली, "मामू, बैठके चलाओ!" वरच्या वळणावर चाचा थांबून पाणी पीत होते. मामू सायकल ढकलत आला तेव्हा चाचांनी काही न बोलता बाटली पुढे केली.

केळशीला जोहरला थांबलो. चाचांना ओळखणारे तिथून पुढे भेटू लागले. "अरे, सायकलवर? मुंबईहून?" मुंबईहून नाही, मुरूडहून, हे ते प्रत्येकाला नीट सांगत. त्यांच्या आजोळच्या गावात आता मामांचे घर बंद आहे, अंगणात गवत आहे. शेजारच्या घरातून चहा आला. गावात शिरणारा शेवटचा चढ चाचांनी लहानपणी बैलगाडीमागून चालत चढलेला. तो त्यांनी सायकलवर, पाय न टेकता पार केला. वर पोहोचायला किती वेळ लागला ते आम्ही मोजले नाही. गुडघ्याला रात्री तेल चोळताना विचारले, तर म्हणाले, "जिना चढतो तेव्हा याहून जास्त दुखतो."

पुढे आंजर्ले, हर्णै, बुरोंडी, कोळथरे असे करत दाभोळला आलो. दाभोळच्या जेटीजवळची आदिलशाही काळातली दगडी मशीद गावात अंडा मशीद म्हणून ओळखली जाते. एके काळी या बंदरातून हजला जाणारी जहाजे सुटत. असर तिथे पढून वाशिष्ठीच्या खाडीची फेरीबोट धरली आणि धोपाव्याला उतरून दुसऱ्या दिवशी गुहागर गाठले. पाचांपैकी कोणालाही गाडी मागवावी लागली नाही. अलहम्दुलिल्लाह.

ज्यांना असे जावेसे वाटते त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चपासून सड्यावर सावलीच नसते. शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवावे, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून जायला कित्येक तास जातात. लाल धूळ चेन खाते. रोज रात्री चेन फडक्याने पुसून थोडे तेल द्यावे आणि वरचे जास्तीचे पुसून टाकावे. तारा नव्या टाकल्या असतील तर पहिल्या दिवशी सैल पडतात आणि गिअर नीट लागत नाही. तार ताणायचा स्क्रू कुठे असतो ते मिस्त्रीकडून शिकून घ्यावे. आमच्या घरच्या दोघींनी सलवारीच्या पायाला घोट्याजवळ पट्टी बांधली होती आणि ओढणी मागे गाठ मारून खोचली होती. चेन त्या बाजूलाच असते, हे ध्यानात असू द्यावे.

आणि नवी सायकल घेणार असाल, तर दुकानदार आधी वेग दाखवील, मोठी चकती दाखवील. त्याला सर्वांत लहान पुढची चकती आणि सर्वांत मोठी मागची चक्री किती दात्यांची, एवढेच विचारा आणि घेर मोजून हिशेब करा. सामान घेऊन कोकणच्या चढांवर जायचे असेल तर फेरीला दीड मीटरच्या आसपास आकडा यावा. तरणाताठा एकटा असेल तर पावणेदोन-दोनही चालेल. हिशेब करताना वजन आणि गुडघा घरातल्या सर्वांत धिम्या माणसाचा धरा, आणि चढ दिवसाचा शेवटचा. बाकीच्यांना तो गिअर कधी जास्तच हलका वाटेल, तेव्हा त्यांनी एक खटका मारून पुढचा टाकावा.